औषधांवरील सवलतीचे कार्ड : टक्केवारी आणि खरी किंमत

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त ट्रस्टच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानमालेतील एका भाषणाचे शब्दांकन)



पन्नास वर्षे हा कोणत्याही संस्थेच्या जीवनातील मोठा कालखंड असतो. एका पिढीने लावलेले रोप दुसऱ्या पिढीने जोपासावे आणि तिसऱ्या पिढीने त्याच्या सावलीत बसून पुढील कार्याचा विचार करावा, असा हा टप्पा आहे. या टप्प्यावर आपल्या ट्रस्टने ज्या नव्या उपक्रमांचा संकल्प सोडला आहे, त्यांत सभासद कुटुंबांना औषधखरेदीवर सवलत मिळवून देणारे कार्ड काढण्याचा एक प्रस्ताव आहे. त्या विषयावर मी काही विचार मांडावेत, अशी विश्वस्तांनी आज्ञा केली. मी एक साधा फार्मासिस्ट. पस्तीस वर्षे औषधांच्या दुकानात उभे राहून जे पाहिले आणि जे शिकलो, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

आपल्या परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. अन्नाच्या बरोबरीने औषधाला स्थान देणारी ही दृष्टी आहे. मात्र औषधदानाचे स्वरूप काळाबरोबर बदलले आहे. पूर्वी धर्मार्थ दवाखान्यातून औषधाची बाटली आणि चार पुड्या मिळत. ताप उतरला की औषध संपले. आज चाळिशी ओलांडली की घराघरांतून रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, कोलेस्टेरॉल यांच्या गोळ्या सुरू होतात आणि त्या बहुधा आयुष्यभर चालतात. किराणा आणि वीजबिल यांच्याप्रमाणे औषधांचे बिल हे महिन्याच्या खर्चाचे कायमचे कलम होऊन बसले आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार आपल्या देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी लोकांना स्वतःच्या खिशातून करावा लागणारा खर्च २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आला. ही समाधानाची बाब आहे. परंतु खिशातून जाणाऱ्या या पैशांत औषधांचा वाटा मोठा आहे, आणि तो निवृत्तिवेतनावर किंवा मुलांनी पाठवलेल्या पैशांवर जगणाऱ्या वृद्धांना विशेष जाणवतो.

म्हणून सवलत कार्डाचा विचार योग्य वेळी झाला आहे, यात मला शंका नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, कार्ड हातात पडल्यावर आपण त्याच्या टक्केवारीवर समाधान मानू नये. सवलत किती टक्के मिळाली, यापेक्षा एक गोळी शेवटी किती पैशांना पडली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. माझ्या संपूर्ण भाषणाचा गाभा या एका वाक्यात आहे.

अमेरिकेतील अनुभव

औषधांच्या सवलत कार्डांचा प्रसार अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर झाला आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली तेथे स्थायिक आहेत आणि आई-वडील सहा-सहा महिने त्यांच्याकडे जाऊन राहतात. त्यामुळे तेथील पद्धत आधी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

अमेरिकेत औषधाच्या वेष्टनावर आपल्याप्रमाणे कमाल किंमत छापलेली नसते. एकाच औषधाचा दर एका दुकानात एक, तर रस्त्यापलीकडच्या दुकानात दुसरा असू शकतो. विमा असलेल्याला एक दर, नसलेल्याला निराळा. विमा कंपन्यांच्या वतीने औषधांच्या दरांची बोलणी करणाऱ्या मोठमोठ्या मध्यस्थ कंपन्या तेथे आहेत. सवलत कार्ड काढणारी कंपनी अशा मध्यस्थांशी करार करते आणि त्यांनी दुकानांशी ठरवलेला दर कार्डधारकाला मिळवून देते. कार्डावर काही क्रमांक असतात. फार्मासिस्ट ते संगणकात भरतो आणि कमी झालेला दर समोर येतो. कार्ड पुष्कळदा विनामूल्य असते. मग कार्ड कंपनीचा चरितार्थ कशावर चालतो? प्रत्येक विक्रीमागे दुकानाकडून मध्यस्थाला शुल्क जाते आणि त्यातील काही हिस्सा कार्ड कंपनीला मिळतो.

तेथील सरकारनेही हा मार्ग काही काळ अवलंबला होता. मेडिकेअर या ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत घरी घ्यावयाच्या औषधांचा खर्च पूर्वी सामान्यतः समाविष्ट नसे. जून २००४ पासून सरकारमान्य सवलत कार्डे देण्यात आली आणि अल्प उत्पन्न असलेल्यांना त्यासोबत वर्षाला ६०० डॉलरपर्यंतचे साहाय्यही मिळाले. ही सोय तात्पुरती होती. जानेवारी २००६ पासून ज्येष्ठांसाठी औषधविमा सुरू झाला. त्याच वर्षी वॉलमार्टने अनेक जेनेरिक औषधांचा महिन्याचा पुरवठा ४ डॉलरला देण्यास प्रारंभ केला. पुढे २०११ मध्ये गुडआरएक्स ही कंपनी निघाली आणि घरबसल्या निरनिराळ्या दुकानांतील दर ताडून पाहण्याची सवय तेथील ग्राहकांना लागली.

या अनुभवातून चार गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, सवलत कार्ड म्हणजे विमा नव्हे. तेथे एका खरेदीला एक तर विमा वापरायचा किंवा कार्ड. दोन्ही एकत्र चालत नाहीत. शिवाय विमा लागू होण्यापूर्वी वर्षभरात स्वतः जी ठरावीक रक्कम भरावी लागते, तिच्यात कार्डावर केलेली खरेदी बहुधा धरली जात नाही. दुसरी, एका दुकानात मिळालेला दर अंतिम समजू नये. तिसरी गोष्ट विचार करायला लावणारी आहे. विम्याविना रोखीने घेतल्यास औषध स्वस्त पडते, हे फार्मासिस्टने आपण होऊन ग्राहकाला सांगू नये, अशी अट तेथील काही करारांत असे. ऑक्टोबर २०१८ मध्ये कायदे करून अशा अटींवर बंदी घालावी लागली. चौथी गोष्ट गोपनीयतेची. ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती फेसबुक, गूगल यांसारख्या कंपन्यांकडे जाहिरातींसाठी गेली आणि ग्राहकांना ते कळवले नाही, असा ठपका तेथील फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२३ मध्ये गुडआरएक्सवर ठेवला. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण १५ लाख डॉलर दंड भरण्यास संमती दिली. कोणती व्यक्ती कोणती गोळी घेते, ही माहिती किती मोलाची असते, हे त्यावरून लक्षात येते.

अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांना मी एवढेच सुचवीन की, नित्याची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मूळ वेष्टनात पुरेशी सोबत न्यावीत. तेथे औषध घेण्याची वेळ आलीच, तर तेथील परवानाधारक डॉक्टरांची चिठ्ठी लागते. मग मुलांना दोन-तीन दुकानांतील कार्डाचे दर पाहावयास सांगावे.

आपल्याकडे सवलत येते कोठून?

आपल्या देशातील व्यवस्था निराळी आहे. येथे प्रत्येक पट्टीवर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे आणि सवलतीची टक्केवारी त्या छापील किमतीवर मोजली जाते. तेव्हा ती किंमत ठरते कशी, हे आधी पाहिले पाहिजे.

राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण १९९७ साली स्थापन झाले. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार ते अत्यावश्यक औषधांच्या कमाल किमती ठरवते. २०२२ च्या राष्ट्रीय यादीत अशी ३८४ औषधे आहेत. बाजारात किमान १ टक्का हिस्सा असलेल्या सर्व कंपन्यांच्या, किरकोळ विक्रेत्याला पडणाऱ्या दरांची सरासरी काढायची आणि तिच्यावर विक्रेत्याची १६ टक्के कमाई मिळवायची, असे साधारण सूत्र आहे. यादीबाहेरील औषधांची किंमत कंपनी स्वतः ठरवते. वर्षभरात ती १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, एवढेच बंधन आहे. या औषधांवर किरकोळ विक्रेत्याची कमाई सामान्यतः २० टक्के धरली जाते.

आता प्रश्न असा की, ज्या दुकानदाराची कमाई १६ ते २० टक्के आहे, तो सरसकट २० टक्के सवलत कशी देतो? त्याची उत्तरे तीन आहेत. एक, मोठी खरेदी केल्यामुळे किंवा कंपनीच्या योजनेत दहा पेट्यांवर एक पेटी मोफत मिळाल्यामुळे त्याला माल स्वस्त पडतो. ही सवलत रास्त आहे. दोन, काही ठरावीक औषधांवर तो तोटा सोसतो आणि प्रोटीनची पावडर, टॉनिक, सौंदर्यप्रसाधने यांच्या विक्रीतून तो भरून काढतो. आपण केवळ चिठ्ठीतील औषधे घेऊन बाहेर पडलो, तर यातही आपले नुकसान नाही. तिसरा प्रकार मात्र ओळखता आला पाहिजे. काही औषधे डॉक्टरांपर्यंत न नेता थेट विक्रेत्यांच्या साखळीतून विकली जातात. त्यांच्यावर छापलेली किंमत आणि दुकानदाराची खरेदी किंमत यांत प्रचंड अंतर असते. अशा औषधावर निम्म्या किमतीची सवलत देऊनही दुकानदाराला भरपूर उरते. ग्राहक ५० टक्क्यांच्या आनंदात घरी जातो. परंतु ती टक्केवारी ज्या आकड्यावर मोजली, तो आकडाच फुगवलेला असतो.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला आणि काही जीवरक्षक औषधांवरील कर पूर्णपणे काढून टाकण्यात आला. ही कपात प्रत्येक ग्राहकासाठी आहे. तिच्यासाठी कोणाचेही कार्ड लागत नाही.

हिशेब एका गोळीचा

केवळ हिशेब समजावा म्हणून काही काल्पनिक आकडे घेऊ. समजा, एका कंपनीच्या रक्तदाबाच्या दहा गोळ्यांची छापील किंमत १८० रुपये आहे. कार्डावर २० टक्के सवलत मिळाली, म्हणजे पट्टी १४४ रुपयांना आणि एक गोळी १४ रुपये ४० पैशांना पडली. त्याच औषधाची, तेवढ्याच मात्रेची, दुसऱ्या चांगल्या कंपनीची पट्टी ९० रुपयांना आहे आणि तिच्यावर सवलत मुळीच नाही. तेथे गोळी ९ रुपयांना पडते. जनऔषधी केंद्रात तीच गोळी समजा ३ रुपयांना मिळते. रोज एक गोळी धरली, तर वर्षाचा खर्च पहिल्या ठिकाणी ५,२५६ रुपये, दुसऱ्या ठिकाणी ३,२८५ रुपये आणि तिसऱ्या ठिकाणी १,०९५ रुपये होतो. सर्वांत जास्त सवलत जेथे मिळाली, तेथेच सर्वांत जास्त पैसे गेले!

गोळ्यांची संख्याही पाहावी. काही पट्ट्या दहाच्या असतात, काही पंधराच्या. पट्टीच्या किमतीची तुलना करणारा माणूस येथे हमखास फसतो. म्हणून पट्टीची किंमत गोळ्यांच्या संख्येने भागण्याची सवय लावून घ्यावी. शिरोळकडील एक आजी माझ्याकडे औषधे घेत असत. एका दुकानाचे सवलत कार्ड त्यांच्या पिशवीत होते आणि त्यावर मिळणाऱ्या १५ टक्क्यांचे त्यांना मोठे कौतुक होते. पण रक्तदाब काही ताब्यात येत नव्हता. विचारता-विचारता उलगडा झाला की, महिन्याचे पैसे पुरावेत म्हणून त्या गोळी एक दिवसाआड घेत होत्या. डॉक्टरांना हे सांगण्याचा त्यांना संकोच वाटत होता. मिरजेच्या त्यांच्या डॉक्टरांना मी दूरध्वनी केला. त्यांनी तेच औषध मूळ नावाने लिहून दिले, महिन्याचे बिल निम्म्याहून कमी झाले आणि आजींची गोळी रोजची झाली. बंधू-भगिनींनो, औषध महाग असण्याचा खरा धोका हाच आहे. माणूस दुकानात येऊन भांडत नाही. तो घरी बसून निमूटपणे गोळ्या कमी करतो, आणि त्याची किंमत पक्षाघाताच्या किंवा हृदयविकाराच्या रूपाने सगळ्या घराला मोजावी लागते.

चिठ्ठीवरील नाव

या उदाहरणातील किल्ली डॉक्टरांच्या हाती होती, हे आपल्या लक्षात आले असेल. अमेरिकेत महागड्या नावाऐवजी त्याच घटकाचे जेनेरिक औषध देण्याची मुभा फार्मासिस्टला बहुतेक ठिकाणी आहे. आपल्याकडील औषध नियमांनुसार शेड्यूल एचमधील औषधाच्या जागी, घटक तोच असला तरी, दुसरे औषध परस्पर देण्याची फार्मासिस्टला मोकळीक नाही. चिठ्ठीवर व्यापारी नाव असेल, तर तेच द्यावे लागते. म्हणून स्वस्त औषधाचा मार्ग दुकानातून सुरू न होता डॉक्टरांच्या टेबलापासून सुरू होतो.

औषधे मूळ नावाने विकली जावीत, हा विचार आपल्या देशात नवा नाही. हाथी समितीने १९७५ सालीच तशी शिफारस केली होती. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये नियमात दुरुस्ती करून डॉक्टरांनी औषधे मूळ नावाने, सुवाच्य आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे सांगितले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये याहून कडक नियम केले, पण त्याच महिन्यात त्यांना स्थगिती दिली. तेव्हा कायद्याची वाट पाहत न बसता आपणच नम्रपणे विचारावे : ‘डॉक्टरसाहेब, ही औषधे दीर्घकाळ घ्यायची आहेत. मूळ नावाने लिहून दिलीत तर चालेल का?’ यात डॉक्टरांचा अविश्वास मुळीच नाही. बहुतेक डॉक्टर या प्रश्नाला समजूतदारपणे उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे.

प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजनेचा उल्लेख मी केला. ही योजना नोव्हेंबर २००८ मध्ये सुरू झाली आणि २०२५ च्या आरंभी तिच्या केंद्रांची संख्या १५ हजारांवर गेली. दोन हजारांहून अधिक औषधे तिच्या यादीत आहेत. बाजारातील पहिल्या तीन प्रमुख कंपन्यांच्या सरासरी किमतीच्या जास्तीत जास्त निम्म्या दराने औषध द्यावे, हे या योजनेचे सूत्र आहे. ‘जनऔषधी सुगम’ या मोबाइलवरील सुविधेतून जवळचे केंद्र आणि औषधाचा दर समजतो. इतर औषधांच्या किमती ‘फार्मा सही दाम’ या सुविधेवर पाहता येतात.

‘स्वस्त म्हणजे कमी प्रतीचे का?’ ही शंका मला रोज विचारली जाते. औषधाच्या गुणवत्तेचे कायदेशीर निकष महाग आणि स्वस्त यांना एकच आहेत. जनऔषधीचा प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच पाठवण्याची पद्धत आहे. निकृष्ट नमुने महागड्या नावांतही सापडले आहेत आणि स्वस्त नावांतही. त्यामुळे केवळ किमतीवरून गुणाचा निवाडा करू नये. औषध बदलल्यावर पंधरा दिवसांनी रक्तदाब मोजावा, साखर तपासावी. आकडे जागेवर असतील, तर औषध आपले काम करीत आहे.

मात्र काही औषधांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. थायरॉइडची गोळी, अपस्मारावरील फेनिटॉइन, रक्ताची गुठळी होऊ न देणारे वॉरफॅरिन या औषधांच्या मात्रेत थोडा फरक पडला तरी परिणाम बदलतो. चार रुपये वाचतात म्हणून ती परस्पर बदलू नयेत. डॉक्टरांना विचारून आणि रक्ततपासणी करूनच बदलावीत.

काही सूचना

कार्ड वापरताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पक्के बिल नेहमी घ्यावे. ‘बिल नको असेल तर आणखी दोन टक्के सोडतो,’ असे कोणी म्हणाले, तर त्या दुकानाला दुरून नमस्कार करावा. बिलावर बॅच क्रमांक असतो आणि औषधात दोष आढळल्यास तोच आपला पुरावा ठरतो. किमान अमुक रुपयांची खरेदी केल्यास सवलत, अशी अट असेल, तर तिच्या मोहाने नको ती औषधे घरात भरू नयेत. डॉक्टर पुढच्या वेळी औषध बदलतात आणि जुन्या पट्ट्या कपाटात मुदतबाह्य होतात. इन्सुलिनसारखे औषध २ ते ८ अंश तापमानात राखणाऱ्या दुकानातूनच घ्यावे. तेथे सवलतीपेक्षा शीतकपाट महत्त्वाचे. कार्डाला वार्षिक वर्गणी असेल, तर वर्षाची संभाव्य बचत तिच्याहून जास्त आहे का, हे कागदावर मांडून पाहावे.

अनेक ज्येष्ठ मंडळी आयुष्मान कार्ड घेऊन औषधांच्या दुकानात येतात आणि निराश होऊन परततात. ते कार्ड अतिशय मोलाचे आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, ते मिळू लागले. पण ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. दरमहाच्या गोळ्या त्यावर मिळत नाहीत. त्या गोळ्यांसाठी आणखी एक मार्ग आपण विसरतो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत व आरोग्य केंद्रांत मोफत उपचार मिळतात. रक्तदाब व मधुमेहाची काही मूलभूत औषधे तेथे विनामूल्य दिली जातात. तेथे जाण्यात कसलाही कमीपणा मानू नये.

ट्रस्टचे कार्ड कसे असावे?

आता विश्वस्तांच्या अनुमतीने चार शब्द त्यांनाही सांगतो. पहिली विनंती अशी की, ज्या दुकानांशी आपण करार कराल, त्यांच्याकडून ट्रस्टने कोणत्याही नावाखाली मोबदला घेऊ नये, देणगीच्या रूपानेही नाही. जी रक्कम ट्रस्टकडे येईल, ती शेवटी सभासदाच्याच बिलातून गेलेली असेल. जे द्यायचे ते दुकानदाराने किंमत कमी करून द्यावे.

दुसरी विनंती, कोणता सभासद कोणते औषध घेतो याची नोंद ट्रस्टने ठेवू नये आणि दुकानालाही ती अन्य कोणास देऊ नये, असे करारात लिहून घ्यावे. आपला समाज लहान आहे, एकमेकांना ओळखणारा आहे. मनोविकाराचे किंवा क्षयाचे औषध घेणाऱ्या तरुणाची वार्ता विवाहाच्या बैठकीपर्यंत पोहोचता कामा नये. एवढा भरवसा नसेल, तर ज्याला गरज सर्वाधिक तोच कार्ड वापरणार नाही.

तिसरी, कार्डाच्या पाठीमागे चार प्रश्न छापावेत : या औषधाचे मूळ नाव काय? एक गोळी कितीला पडते? हेच औषध जनऔषधी केंद्रात आहे का? बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारले का? कार्डाच्या पुढच्या बाजूवरील टक्क्यांपेक्षा हे चार प्रश्न सभासदांचे अधिक पैसे वाचवतील.

चौथी, ट्रस्टच्या कार्यालयात आठवड्यातून एक दिवस दोन तास कोणी सेवाभावी फार्मासिस्टने बसावे आणि येईल त्याची चिठ्ठी वाचून गोळीमागचा हिशेब मांडून द्यावा. या कामासाठी मी स्वतः दर शनिवारी यावयास तयार आहे. संस्थेची इच्छाशक्ती असेल, तर पुढे जनऔषधी केंद्रही चालवता येईल. संस्थांना व ट्रस्टना त्यासाठी अर्ज करता येतो. १२० चौरस फूट जागा आणि पात्र फार्मासिस्ट या त्याच्या प्रमुख गरजा आहेत. आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरील बंद खोली यासाठी पुरेशी आहे, हे मी मुद्दाम नजरेस आणून देतो.

शेवटची विनंती त्यांच्याविषयी आहे, ज्यांना सवलतीचाही उपयोग नाही. शंभर रुपयांचे औषध ऐंशी रुपयांना मिळाले, तरी ज्याच्या खिशात चाळीसच आहेत त्याची गोळी अर्धवटच राहते. सवलत कार्ड हे पैसे भरू शकणाऱ्याचे साधन आहे. भरू न शकणाऱ्यासाठी एक छोटा औषधनिधी असावा, आणि कार्डामुळे ज्यांची वर्षाकाठी हजार-दोन हजारांची बचत होईल, त्यांनी तिचा काही अंश त्या निधीत घालावा. मग हे कार्ड केवळ ग्राहकाची सोय न राहता औषधदानाच्या जुन्या व्रताचे आजच्या काळातील रूप होईल.

पुढील पन्नास वर्षांच्या वाटचालीत आपल्या समाजातील एकाही वृद्धाला पैशांअभावी गोळी एक दिवसाआड घ्यावी लागू नये, अशी सदिच्छा व्यक्त करतो. 

जय जिनेंद्र.